ईराची हिरवी चौकट

१

सकाळी नऊ वाजता घरातून तिघी एकदमच निघायच्या. सासूबाई, म्हणजे कमलाबाई, चार वर्षांच्या ईराचं बोट धरून चौक ओलांडून अंगणवाडीकडे जायच्या आणि अपेक्षा दुर्गमधल्या बोरसीच्या त्याच चौकात नेहरू नगरचा ऑटो पकडायची. नवरा सुजय त्याच्या आधीच मोटरसायकलवर कुम्हारीच्या कारखान्यात गेलेला असायचा. निघताना अपेक्षा रोज तेच सांगायची, "आई, हात सोडू नका तिचा. गाड्या कशा येतात ते पाहता ना तुमी."

आणि कमलाबाई रोज तेच म्हणायच्या, "सुजयले मीच मोठा केला वं. तुहा सासरा नव्हता आला त्याचं बोट धराले."

नेहरू नगरात कोचिंग क्लासच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक हॉल होता. बारा कॉम्प्युटर आणि त्यांच्यासमोर बारा बाया-पोरी. एक पांढरी गाडी डोक्यावर कॅमेरे बांधून दुर्ग-भिलाईच्या रस्त्यांवरून फिरायची, आणि तिनं काढलेले फोटो इथं यायचे. मशीन आधी आपल्या मनानं त्या फोटोंवर चौकटी काढून ठेवायचं. माणसाला हिरवी, गाडीला निळी, जनावराला पिवळी, रस्त्यात पडलेल्या वस्तूला लाल. बायांनी फक्त तपासायचं. चुकलेली पुसायची, सुटलेली काढायची. असं शिकत शिकत एक दिवस ते मशीन ड्रायव्हर नसलेली गाडी चालवणार होतं.

अपेक्षाची शाळा सातवीतच सुटली होती, पण या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. रंग कळले की झालं. आणि तिला काम आवडायचं. कोण कुठं चाललं, कोणाच्या पिशवीतून मेथी डोकावते, हे सगळं बसल्या जागी पाहायला मिळायचं. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी तिच्या मनात पक्की बसली होती. ज्याच्याभोवती चौकट, त्याच्यासाठी गाडी थांबणार. ज्याच्याभोवती नाही, तो तिच्यासाठी रस्ताच.

त्या हॉलमध्ये एकाच वस्तूला कोणी चौकट काढत नसे. शनिवारी, अमावस्येला चौकात कोणी ना कोणी उतारा ठेवून जायचं. पळसाचा द्रोण, त्यात हळदीचा भात, कापलेलं लिंबू, कधी काळ्या कपड्याची बाहुली. मुठीपेक्षा मोठी वस्तू रस्त्यात दिसली की लाल चौकट, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. पण पोरगी तेलुगू असो, छत्तीसगढी असो की मराठी, द्रोण दिसला की पुढचा फोटो. जे ओलांडत नाही, ज्याच्याकडे बोटही दाखवत नाही, त्याच्याभोवती माऊसनं रेघ कशी ओढायची? काम तपासणारी स्नेहल बी.एस्सी. शिकलेली होती. तीही असा फोटो आला की मोबाइलमध्ये पाहायची आणि पास करायची.

२

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी अपेक्षाला फोटोत दौलतराव दिसले. दौलतराव म्हणजे त्यांच्याच गल्लीत दूध टाकणारे, सायकलला दोन कॅन लटकवून येणारे. ओळखीचं माणूस दिसलं म्हणून तिला गंमत वाटली. ती एकेक फोटो सावकाश पाहू लागली.

दौलतराव घाईत होते. चौकात त्यांचं पुढचं चाक द्रोणावरून गेलं. भात दोन्हीकडे उडाला होता.

त्याच्या पुढच्या फोटोत सायकलला निळी चौकट होती. दौलतरावांना नव्हती.

तिनं हिरवी काढली. पुढचा फोटो, पुन्हा नाही. पुन्हा काढली. वळणापर्यंतच्या चाळीसेक फोटोंमध्ये मशीननं रिकामीच सायकल चालवत नेली होती. कॅमेऱ्यावर धूळ बसली असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

पाच दिवसांनी दुसरे फोटो आले, हायवेवरचे, लख्ख उन्हातले. पानठेल्यापाशी सात माणसं उभी. चौकटी सहा. सातवे दौलतराव, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हसत होते. इथं द्रोण नव्हता, धूळ नव्हती. अपेक्षानं फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. भीती नाही वाटली तिला. खरं सांगायचं तर असं का होत असेल, याची खाजच सुटली.

३

"स्नेहल, इकडं पाहतेस का जरा? हा माणूस दिसत नाही मशीनले."

स्नेहलनं वाकून पाहिलं. "सुटला असेल, दीदी."

"दोन वेळा? त्या दिवशी द्रोण होता, आज तर तोबी नाही."

द्रोण म्हटल्यावर स्नेहलनं आवाज खाली केला. "हे पाहा, मशीन म्हणजे लेकरूच हाय. आपण जे सोडून देतो ना, तेच सोडायचं असते असं ते शिकते. आपण एक चीज सोडून राहिलो, तर तिच्या आजूबाजूचंबी सोडत असेल."

"मग आजूबाजूले नसतानाबी?"

"सौ में दो छूट जाते हैं, दीदी. इतना चलता है."

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खाली पोर्चमध्ये उतरल्या. तिथं तिपाईवर एक कॅमेरा आणि टेबलावर त्याचा स्क्रीन ठेवला होता, मशीन किती शिकलं ते पाहायला. समोर मोटरसायकली उभ्या असायच्या. पोरी एकेक करून समोर जायच्या आणि आपल्याभोवती हिरवी चौकट पडली की हसायच्या. टीना नावाची जाडी पोरगी म्हणाली, "मेरा तो दो बनाना पडेगा."

तेवढ्यात बिल्डिंगची झाडू मारणारी गयाबाई बादली घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेली. सकाळी ती महापालिकेकडून बोरसीचे चौक झाडायची, तिथले द्रोणही तीच उचलायची, आणि दुपारी इथं यायची. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही.

"मावशी, थांबा. परत या बरं," अपेक्षा म्हणाली.

गयाबाई परत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्यामागची मोटरसायकल निळ्या चौकटीत होती. तिच्याभोवती नाही.

"मले सरकारनं नाही पाहिलं कधी, तुहं मशीन काय पाहीन," गयाबाई म्हणाली.

अपेक्षा हसली. बाकी कोणी हसलं नाही. स्नेहल टीनाच्या डब्यातलं लोणचं घेत होती.

४

"दौलतरावनं पाच दिवस झाले दूध नाही टाकलं," कमलाबाई म्हणाल्या.

अपेक्षानं गॅसवरच्या पातेल्याकडे पाहिलं. दूध वर येत होतं. "मग हे कोणतं हाय, आई?"

"पाकिटाचं असंल. सुजयनं आणलं असंल."

सकाळी अपेक्षानंच ते फाटकातून घेतलं होतं. दौलतराव म्हणाले होते, "घंटी वाजवू वाजवू थकलो सूनबाई, कावून उघडत नाही तुमची सासू? फाटकातच तं उभी होती." तेव्हा तिला वाटलं होतं, सासूबाईंच्या कानाचं काहीतरी पाहिलं पाहिजे.

रविवारी सुजय बाहेरून आला, हात धुता धुता म्हणाला, "दौलतराव गेला. हायवेवर. ट्रकनं उडवला."

"कधी?"

"अकरा वाजता. चांगल्या उन्हात, सरळ रस्त्यावर. लोक ड्रायव्हरले मारून राहिले होते आणि तो हात जोडून म्हणे, सामने कोई था ही नहीं साहब." सुजयनं टॉवेल खुंटीला अडकवला. "पिऊन असंल."

"असंलच," कमलाबाई म्हणाल्या.

"पण एक सांगू? समोरचा रसवंतीवालाबी तेच म्हणे. सायकल दिसली, म्हणे, माणूस नाही दिसला."

अपेक्षा पोळी लाटत होती. ती तशीच लाटत राहिली, पोळी कागदासारखी पातळ होऊन पोळपाटाला चिकटली तरी.

५

शुक्रवारच्या फोटोंमध्ये तिला ईरा दिसली.

पिवळा फ्रॉक, पाठीवर डब्याची पिशवी, आजीचा हात धरलेला. दोघींभोवती दोन नीट हिरव्या चौकटी, एक उंच, एक ठेंगणी. फोटोत लेक पाहून आईला व्हावा तसा आनंद अपेक्षाला झाला, आणि तो दोन फोटो टिकला.

तिसऱ्या फोटोत रस्त्यावर द्रोण होता. कमलाबाई बाजूनं वळून जात होत्या. ईरानं दोन्ही पाय जोडले होते. चौथ्या फोटोत ती हवेत होती, तोंड उघडं, पिशवी खांद्यापर्यंत उडालेली. पाचव्या फोटोत ती पलीकडे उतरली होती.

पाचव्या फोटोत एकच चौकट होती. उंच.

अपेक्षानं माऊस धरला. घाईत तिची चौकट फ्रॉकच्या बाहेर गेली. पुसली, पुन्हा काढली. पुढचा फोटो. आजीला चौकट. आजीच्या हातात हात असलेल्या लेकराला नाही. अंगणवाडीच्या फाटकापर्यंत तिनं एकेक फोटोत आपल्या हातानं लेकीला चौकट घातली. थंडीत स्वेटर घालावं तशी.

घरी येऊन तिनं विचारलं, "आई, ईरानं चौकात काही ओलांडलं का?"

"खेळत खेळत उडी मारली तिनं. लेकराले काय समजते? मी पाय धुतले ना तिचे घरी आल्यावर." मग जरा थांबून, "तुले कोणी सांगतलं?"

ईरा जमिनीवर बसून चमच्यानं ताट वाजवत होती. कमलाबाईंनी चार ताटांऐवजी तीन वाढली होती. चौथं ईरानंच मोरीतून उचलून आणलं होतं.

६

शनिवारी ईराला अंगणवाडीत सोडायला अपेक्षा स्वतः गेली. तिथल्या सेविका मोनाताई दारातच भेटल्या.

"ईराची तब्येत बरी नाही का? तीन दिवस झाले आली नाही."

"रोज येते ना ताई. हे काय, आताच तर तुमच्या बाजूनं आत गेली."

मोनाताई वळल्या. ईरा सतरंजीवर बसून चप्पल काढत होती. मोनाताईंनी जरा वेळ तिकडं पाहिलं. अंधारात चष्मा शोधावा तसं. मग हसल्या. "अगं बाई, हो की. चाळीस लेकरं हायेत, कोण कुठं बसते कळतच नाही."

खरंच चाळीस होती. असं होऊ शकते, अपेक्षानं स्वतःला समजावलं. माणूस दमते, विसरते. आणि मशीन शंभरातून दोन सोडते. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. तरी तिनं ईराला तिथं ठेवलं नाही. कडेवर घेतलं आणि ऑटोत बसली.

पोर्चमध्ये कोणी नव्हतं. कॅमेरा सुरू होता. अपेक्षा ईराचा हात धरून समोर उभी राहिली आणि मान वळवून स्क्रीन पाहिला. तिच्याभोवती हिरवी रेघ, वर मशीनला किती खात्री आहे त्याचा आकडा, शंभरातून अठ्ठ्याण्णव. ईराभोवती काही नाही. तिनं ईराला पुढं केलं, मागं केलं, हात वर करायला लावले. ईराला खेळच वाटला.

मग अपेक्षा बाजूला झाली आणि लेकीला एकटीच उभी केली, मोटरसायकलींच्या समोर.

मोटरसायकल अर्धी ईरामागं लपली होती. मशीन नेहमी जेवढं दिसते तेवढ्यालाच चौकट घालते, झाकलेला भाग सोडून देते. पण या मोटरसायकलची निळी चौकट पूर्ण होती. ईरामागं झाकलेलं मागचं चाकसुद्धा त्यात आलं होतं. चौकटीची उभी रेघ ईराच्या छातीवरून खाली गेली होती.

"मम्मी, माझा रंग कोणता?" ईरानं विचारलं.

"थांब बेटा. लावते."

वर गेल्यावर स्नेहल सगळ्यांना सांगत होती, "सोमवारी ट्रायल हाय. बोरसीच्या रोडवर, अंगणवाडीच्या समोरून. गाडी पूर्ण अपने आप. सीटवर माणूस राहील, पण हात मांडीवर. उद्या मशीन आजपर्यंतचं सगळं शिकून घेईल, म्हणून आज काम नीट करा."

७

अपेक्षा जिन्यात येऊन बसली. गयाबाई वरून खाली एकेक पायरी पुसत येत होती.

"मावशी, तुम्हाले भेव नाही वाटत? रस्त्यावर?"

"कायचं?"

"गाडीनं नाही पाहिलं तर."

"मले गाडी पाहीन असं समजून मी चालतच नाही पोरी. मीच तिले पाहतो. इतके वर्स झाले." गयाबाईनं फडकं पिळलं. "तू पाहतेस मले, हेच नवल हाय."

"लेकराले कसं जमंल ते?"

गयाबाईनं बादलीत पाहिलं. पाणी काळं झालं होतं. ती बादली उचलून नळाकडे गेली.

अपेक्षा तिथंच विचार करत राहिली. स्नेहल म्हणाली होती, आपण सोडतो तेच ते सोडायला शिकते. बारा जणींनी मिळून सात महिने एकच वस्तू सोडली होती. मग ती वस्तू धरली तर? हात लावला की आपल्यावर येते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती त्यातच वाढली होती. तिनं क्षणभर डोळे मिटले. येऊ दे, असं ती मनात म्हणाली आणि उठली.

ईराला बाजूच्या खुर्चीवर कागद-पेन देऊन बसवलं आणि तिनं जुने फोटो उघडले, पहिल्या दिवसापासूनचे. पहिल्या द्रोणापाशी माऊस नेला. चार बाजू ओढल्या. लाल. माऊसचा बारीक आवाज झाला, बाकी काही नाही. हॉलमध्ये पंखा फिरत होता, खाली कोचिंगची पोरं पाढे म्हणत होती.

दुसरा. तिसरा. पहिले दहा कठीण गेले. मग तिचं कुतूहल जागं झालं, ते थांबेना. बोरसीत इतक्या लोकांना आपल्या अंगावरचं काही उतरवून टाकायचं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. एका द्रोणात लेकराचा मोजा होता. एकात कोणाच्या तरी घराची किल्ली. एका बाहुलीला कोणीतरी नीट, प्रेमानं पदर शिवला होता. ती सगळ्यांना घट्ट चौकट घालत गेली.

चार वाजता चहा आला. अकरा कप. तिच्या टेबलावर ठेवला नाही, आणि तीही कामात होती, तिलाही आठवलं नाही.

रविवारी जेवताना तिनं सुजयला विचारलं, भाजी वाढू का. त्यानं तिसऱ्यांदा ऐकलं.

८

सोमवारी साडेनऊला ती ईराला घेऊन पोर्चमध्ये पोचली. ट्रायल अकराला होती. स्नेहल टेबलापाशी बसून कॅमेऱ्याच्या वायरी काढायच्या तयारीत होती.

"स्नेहल, दोन मिनिटं थांब. ईराले एकदा पाहू दे."

स्नेहल वायर गुंडाळत राहिली. मग ईरा तुरुतुरु पुढं गेली, तशी तिनं मान वर केली. "अरे, ईरा आली? आ जा, आ जा. समोर उभी राहा, बेटा."

ईरा मोटरसायकलींसमोर उभी राहिली. अपेक्षा तिच्यामागं, तिच्या डोक्यावर हात ठेवून. तिला वाकून स्क्रीन पाहायचं धाडस होईना. आधी तिनं स्नेहलचा चेहरा पाहिला. स्नेहल हसत होती.

मग तिनं स्क्रीन पाहिला. ईराभोवती हिरवी चौकट होती. पक्की, ठेंगणी. वर नव्याण्णव. मोटरसायकलची निळी रेघ ईराच्या खांद्यापाशी येऊन थांबली होती, जशी थांबायला पाहिजे तशीच.

अपेक्षा रडली, हसली. लेकीच्या केसांवर तोंड टेकवलं. आता गाडी थांबेल. ट्रक थांबेल. मोनाताई हजेरी लावतील, ताटं चार वाढली जातील.

"मेरा रंग आया," ईरा म्हणाली.

"आया ना. ग्रीन," स्नेहल म्हणाली. "आणि तू एकटीच कशी आली? मम्मी कुठं हाय?"

ईरानं इकडं तिकडं पाहिलं. फाटकाकडे पाहिलं. अपेक्षाचा हात तिच्या डोक्यावरच होता. ईरानं तो डास झटकावा तसा झटकला. "आत्ता होती," ती म्हणाली.

"वर गेली असेल. चल, आपण पाहू."

स्नेहलनं तिचा हात धरला आणि दोघी जिन्याकडे निघाल्या. अपेक्षाही वळली, आणि जागीच उभी राहिली.

सात महिने ती हा जिना रोज चढत-उतरत होती, त्यावर तिला कधी कोणी बसलेलं दिसलं नव्हतं. खालच्या पायरीवर गयाबाई बसली होती, फडकं मांडीवर ठेवून. तिच्या वरच्या पायरीवर एक म्हातारा होता. त्याच्या वर दोन बाया, एकीच्या पदराखाली तान्हं. त्यांच्या वर अजून, वळणापर्यंत आणि वळणाच्याही पलीकडे, भिंतीला टेकून माणसंच माणसं बसली होती, दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसतात तशी, गप्प. स्नेहल आणि ईरा आल्या तसे त्यांनी एकेक करून गुडघे आवरले, वाट दिली. कोणाला धक्का लागला नाही.

"ईरा," अपेक्षानं हाक मारली.

जिन्यावरच्या सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. गयाबाई थोडी सरकली, पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.

वरून ईराचा आवाज येत होता. ती मोठ्यानं पायऱ्या मोजत चढत होती.